कौशिकाचे सत्य, अर्जुनाचे ‘तू’

नीतिशास्त्राच्या प्रास्ताविक ग्रंथांत कथेला दृष्टान्ताचे, म्हणजे दुय्यम, स्थान असते. महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिकाची कथा अशीच वापरली गेली आहे. सत्यव्रती कौशिक दस्यूंना रानात लपलेल्यांचा ठावठिकाणा सांगतो; ती माणसे मारली जातात, आणि कौशिक नरकात जातो. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (1915) सत्याच्या अपवादांची चर्चा करताना हा पेच विचारात घेतला. 1797 च्या निबंधात कांटने खुन्याशीही असत्य बोलण्याचा अधिकार नाकारला होता. बिमल कृष्ण मतिलाल यांनी कांट आणि कौशिक यांना समोरासमोर आणले. त्यातून निष्पन्न होते ते इतकेच, की कांट कर्तव्यवादी आणि कृष्ण परिणामांकडे पाहणारा.

हे वर्गीकरण कथा मूळ संदर्भातून तोडल्यामुळेच शक्य होते. कृष्ण ती सांगतो केव्हा? ‘गांडीव दुसऱ्याला दे’ म्हणणाऱ्याचा वध करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा आहे. नेमके तेच युधिष्ठिर बोलून गेला आहे आणि अर्जुनाने खड्ग उपसले आहे. कृष्ण निखळ परिणामवादी असता, तर ‘प्रतिज्ञा मोड’ एवढे सांगून थांबला असता. तो तसे करीत नाही. वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणणे हाच त्याचा वध, असा तोडगा तो काढतो. (‘अहो-जाहो’ आणि ‘अरे-तुरे’ यांतील अंतर पाळणाऱ्या मराठी वाचकाला याचे मर्म समजावून सांगावे लागू नये.) प्रतिज्ञेचे शब्द पाळले जातात, आशय टळतो. याला कर्तव्यवाद म्हणावे तर ती पळवाट ठरते. उपयुक्ततावाद म्हणावे, तर प्रतिज्ञेच्या शब्दांची एवढी पत्रास कशासाठी?

शिवाय संहिता येथे थांबत नाही. ज्येष्ठ भावाचा अधिक्षेप केल्यावर अर्जुन स्वतःवरच खड्ग उगारतो. आत्मस्तुती हीच आत्महत्या, असा दुसरा तोडगा कृष्णाला काढावा लागतो. म्हणजे शब्दांनी केलेला वध अर्जुनाला खराच वाटलेला असतो. युधिष्ठिरालाही तो तसाच लागतो. शय्येवरून उठून तो म्हणतो, की आपण वनात जातो, राज्य भीमाने करावे. कृष्णाला त्याचे पाय धरावे लागतात. दृष्टान्त वेगळा काढणाऱ्या ग्रंथांत कौशिकाचा नरक येतो. हा दुखावलेला युधिष्ठिर मात्र सहसा येत नाही.