काळी ज्वारी आणि इथेनॉल : धोरणातील एक विसंगती

राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१८ साली मानवी सेवनास अयोग्य ठरलेल्या धान्यापासून इथेनॉल काढण्यास अनुमती दिली. या धोरणाच्या समर्थनार्थ दोन मुद्दे मांडले जातात : खराब धान्यास मोल येते, आणि उरलेला चोथा पशुखाद्य म्हणून उपयोगी पडतो. हे मुद्दे वेगवेगळे घेतल्यास मान्य होतील. एकत्र घेतल्यास मात्र ते परस्परांस छेद देतात.

हिंगोली जिल्ह्यातील खरीप ज्वारीचे उदाहरण घ्यावे. कणसे पक्व होताना पाऊस लांबला की दाण्यावर बुरशी चढते व ज्वारी काळी पडते. कारखान्यात दाण्यातील पिष्टाची विकरांच्या साहाय्याने शर्करा होते. किण्व तिचे मद्यार्क व कर्बवायू यांत रूपांतर करते. चांगल्या धान्याच्या एका टनातून सुमारे ३७० ते ४०० लिटर मद्यार्क व ३०० किलो सुका चोथा मिळतो. परंतु काही बुरशींनी निर्माण केलेली विषे किण्वनाने नष्ट होत नाहीत. ती चोथ्यात राहतात, आणि पिष्ट निघून गेल्याने त्यांचे प्रमाण सुमारे तिप्पट होते. अफ्लाटॉक्सिनचा अंश तर दुभत्या जनावरांच्या दुधातही उतरतो. म्हणजे माणसाने नाकारलेले विष आडवाटेने त्याच्याच घरी परतते.

यावरून शेतकऱ्याने काळी ज्वारी उकिरड्यावर टाकावी, असे मुळीच ठरत नाही. चोथ्याच्या प्रत्येक खेपेची विषतपासणी सक्तीची करावी व सदोष चोथा जाळण्यास वापरावा, एवढेच ठरते. त्या खर्चाचा हिशेब मांडल्यावाचून ‘उपयुक्त उपपदार्थ’ हा शब्दप्रयोग शास्त्रीय म्हणता येणार नाही.