ब्रायन हार्ली : नकाशातली सत्ता, नकाशातले घर

ब्रायन हार्ली (१९३२–१९९१) या ब्रिटिश भूगोलज्ञाचे नाव आज घेतले जाते ते मुख्यतः ‘डीकन्स्ट्रक्टिंग द मॅप’ (१९८९) या निबंधासाठी. नकाशा हा भूमीचा निर्विकार आरसा नसून सत्तेची भाषा आहे. त्यात काय दाखवले याइतकेच काय गाळले हेही वाचले पाहिजे, हा त्यातला विचार. फुको आणि देरिदा यांचा आधार हार्लींनी सैलपणे घेतला, हा पुढे आलेला आक्षेप रास्त आहे. अर्थ कर्त्याच्या हेतूत बांधता येत नाही म्हणणाऱ्या देरिदाला सोबत घेऊन ते नकाशामागचा राज्यकर्त्याचा हेतूच शोधत राहतात.

पण त्यांचे सामर्थ्य या तत्त्वज्ञांकडून आलेले नव्हतेच. बर्मिंगहॅममधला त्यांचा प्रबंध मध्ययुगीन वॉरिकशायरची लोकसंख्या आणि जमीनवापर यांवरचा. पुढे लिव्हरपूल आणि एक्सेटर येथे शिकवताना त्यांनी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी संस्थेच्या नकाशांचा कसून अभ्यास केला. कोणती खूण कोणत्या नियमाने काढली, इतिहासकाराने कशावर किती विसंबावे, हे तपासण्यात वर्षे घालवलेल्या माणसालाच नकाशातले मौन ऐकू आले.

हार्ली १९८६ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला गेले. डेव्हिड वुडवर्ड यांच्यासह संपादित केलेल्या नकाशाशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९८७ मध्ये निघाला. त्याच वर्षीचा त्यांचा एक छोटा लेख मात्र फारसा चर्चिला जात नाही. डेव्हनमधल्या न्यूटन ॲबट या, त्यांनी स्वतः वास्तव्य केलेल्या गावाचा, मैलाला सहा इंच प्रमाणाचा जुना नकाशा ते इथे चरित्रासारखा वाचतात. त्यात मोजणीदारांचे, भूमीचे आणि शेवटी स्वतःचेही चरित्र त्यांना सापडते. सरकारने काढलेला कागद इथे एका माणसाच्या आठवणींचा होतो.

दोन वर्षांनंतरच्या गाजलेल्या निबंधात या वाचकाला जवळजवळ जागा नाही. हार्लींच्या मांडणीतली खरी उणीव ही आहे. देरिदाचा सैल वापर त्यापुढे किरकोळ. आपल्याकडचा गावनकाशाही शेतसाऱ्याच्या हिशेबासाठी सरकारने करवून घेतला; पण बांधाचा तंटा उभा राहिला की शेतकरी तोच पुढे करतो. काढणाऱ्याचा हेतू आणि वापरणाऱ्याची गरज एकच नसतात. हे हार्लींना ठाऊक होते. ते त्यांनी आठवणीच्या लेखात लिहिले, सिद्धान्तात आणले नाही.