एकच फोन, दोन कप्पे

आज आपण परीक्षणासाठी घेतलाय एक करार: आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, म्हणजे आयटीयूची, ‘रेडिओ नियमावली’. तिची परंपरा 1906 च्या बर्लिन परिषदेपर्यंत मागे जाते. तेव्हा प्रश्न जहाजांच्या बिनतारी संदेशांचा होता. पुढे नियमावलीने रेडिओच्या वापराचे कप्पे पाडले. प्रसारण वेगळं, मोबाइल सेवा वेगळी, उपग्रहावरची मोबाइल सेवा आणखी वेगळी. आणि कुठला फ्रिक्वेन्सी-पट्टा कुणाचा, याचा एक भला मोठा तक्ता.

आता गंमत बघा. आपल्या खिशातला फोन गल्लीतल्या टॉवरशी बोलतो तेव्हा नियमावलीच्या भाषेत तो ‘मोबाइल स्थानक’ असतो. तोच फोन, तीच फ्रिक्वेन्सी, पण समोर उपग्रह आला की तो ‘मोबाइल भू-स्थानक’ होतो! फोनला याचा पत्ताही नसतो.

मग कप्पेच मोडीत काढा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ते पटत नाही. कप्पा यंत्राचं नुसतं वर्णन करत नाही, कुणी कुणाच्या वाटेत यायचं नाही हेही ठरवतो. टॉवरचा सिग्नल सहसा आसपासच्या भागापुरताच असतो. उपग्रहाचा झोत सीमारेषा बघून थांबत नाही, आणि पलीकडच्या देशात तीच फ्रिक्वेन्सी दुसऱ्याच कंपनीने पैसे मोजून घेतलेली असू शकते.

मार्च 2024 मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने जमिनीवरच्या मोबाइल पट्ट्यांत उपग्रहांना वाट करून दिली. आंतरराष्ट्रीय तक्त्यात मात्र अशा अनेक पट्ट्यांत उपग्रह-मोबाइल सेवेची नोंदच नाही. अशा वेळी टेकायला उरतं कलम 4.4. तक्त्याबाहेरचा वापर करा, पण दुसऱ्याला हानिकारक व्यत्यय आणू नका, आणि तुम्हाला आला तर संरक्षण मागू नका. कागदावर चोख आहे. पण एखाद्या वादळात हजारो लोकांचे मदतीचे संदेश याच सेवेवरून जात असताना, शेजारी देशाची तक्रार आली म्हणून ती बंद कोण करणार? आयटीयूला दंड करता येत नाही. अपवाद म्हणून लिहिलेल्या कलमावर धंदा उभा करणं, ही आमच्या मते या नियमावलीची आजची सगळ्यात मोठी फट आहे.

आपल्याकडेही हा पेच आहेच. 2023 च्या दूरसंचार कायद्यात मोबाइलचे तरंग लिलावाने द्यायचे, पण काही ठरावीक उपग्रहसेवांचे प्रशासकीय पद्धतीने. एकच फोन दोन्हीकडे बोलायला लागला की त्याला कुठल्या रांगेत उभं करायचं?

दुबईच्या 2023 च्या परिषदेने हा विषय 2027 च्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. साधारण 700 मेगाहर्ट्झ ते 2.7 गिगाहर्ट्झ या टापूत नवी वाटणी द्यावी का, याचा अभ्यास चालू आहे. नवा कप्पा द्यायला आमची हरकत नाही. मात्र सीमेपलीकडे सिग्नल किती पोचला तर चालेल, तो आकडा त्या कप्प्यातच लिहिलेला हवा. ‘व्यत्यय आणू नका’ एवढ्यावर भागायचं नाही.

हं, आता प्रश्न घेऊ या.