'शीजी'तील सेनापतींची चरित्रे : पराक्रम, राजसत्ता आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

प्रस्तावना

प्राचीन चीनच्या युद्धविद्येची ओळख भारतीय वाचकाला प्रामुख्याने सुन त्झू याच्या नावावर असलेल्या युद्धविषयक ग्रंथामुळे झाली. व्यवस्थापनशास्त्राच्या निमित्ताने त्यातील सूत्रे सर्वपरिचित झाली. परंतु अशा विद्येचा प्रत्यक्ष रणांगणावर ज्यांनी वापर केला त्या सेनापतींचे पुढे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाचा सर्वांत समृद्ध विचार हान राजवटीतील इतिहासकार सिमा छ्यान याच्या 'शीजी' या ग्रंथात आढळतो. इ. स. पू. पहिल्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या या ग्रंथात १३० प्रकरणे आहेत. त्यांत १२ राजवृत्ते, १० कालपट, ८ विषयनिबंध, ३० घराण्यांचे इतिहास आणि ७० चरित्रप्रकरणे अशी विभागणी आहे. सेनापतींच्या कथा मुख्यतः चरित्रप्रकरणांत येतात.

या चरित्रांचे रूढ वाचन 'शूर सेनापती आणि कृतघ्न राजा' या एका सूत्राभोवती फिरते. राज्य मिळवून देणारा सेनापती राज्य स्थिर होताच नकोसा होतो, हे त्या वाचनाचे सार आहे. हे सूत्र खोटे नाही, पण अपुरे आहे. सिमा छ्यान सेनापतींच्या शोकांतिकेबरोबरच दुसरा, अधिक कठोर प्रश्न उपस्थित करतो : ज्यांच्या आज्ञेने असंख्य माणसे मेली त्यांनी त्याचे उत्तर कोणाला द्यावयाचे? प्रस्तुत लेखात निवडक चरित्रांच्या आधारे या दोन प्रश्नांतील ताण तपासला आहे.

चरित्रकाराचे स्थान

या चरित्रांचा विचार चरित्रकाराच्या आयुष्यापासून अलग करता येत नाही. इ. स. पू. ९९ मध्ये ली लिंग हा सेनानी पाच हजार पायदळ घेऊन श्योंगनूंच्या प्रदेशात शिरला, कित्येक पटींनी मोठ्या सैन्याशी झुंजला आणि अखेर शरण गेला. दरबारात सर्वांनी त्याची निंदा केली. सिमा छ्यानने मात्र सम्राट वू याच्यासमोर त्याची बाजू मांडली. परिणामी त्याच्यावर सम्राटाच्या वंचनेचा आरोप येऊन त्याला मृत्युदंड सुनावण्यात आला. द्रव्य भरून अशा शिक्षेतून सुटका करून घेण्याची सोय त्या काळी होती, पण त्याच्यापाशी तेवढे द्रव्य नव्हते. आत्महत्येचा प्रतिष्ठित मार्ग नाकारून त्याने अंगच्छेदाची, म्हणजे खच्चीकरणाची, शिक्षा पत्करली. हाती घेतलेला ग्रंथ अपुरा राहू नये, हे त्यामागील कारण त्याने रन आन या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. हे पत्र पुढे बान गू याच्या 'हानशू' या इतिहासग्रंथात जतन झाले.

एका पराभूत सेनापतीसाठी बोलल्याची किंमत ज्याने शरीराने मोजली त्याने सेनापतींची चरित्रे लिहावीत, ही वस्तुस्थिती लक्षणीय आहे. अशा लेखकाकडून सेनापतींच्या बाजूने भावनावश लेखनाची अपेक्षा धरणे स्वाभाविक ठरले असते. प्रत्यक्षात 'शीजी'त ली लिंगची हकिकत अगदी त्रोटक आहे, आणि ज्यांच्याविषयी लेखकाला उघड सहानुभूती आहे त्यांच्या अपराधांची नोंदही कोठे टाळलेली नाही.

दरबार आणि रणांगण

'युद्धमान राज्यां'च्या काळातील चरित्रांत एक आकृतिबंध वारंवार येतो. शत्रूला जो सेनापती रणांगणावर हटत नाही तो त्याच्याच राजाच्या दरबारातून हटवला जातो. यान राज्याच्या युए यी याने इ. स. पू. २८४ पासून छी राज्याची सत्तरांहून अधिक नगरे जिंकली. केवळ दोन उरली. त्याला नेमणारा राजा इ. स. पू. २७९ मध्ये मरण पावताच छीच्या थ्यान दान याने अफवा पेरली की, युए यी मुद्दाम विलंब लावून स्वतः राजा होऊ पाहत आहे. नव्या राजाने त्याला परत बोलावले. युए यी यानला न जाता झाओ राज्यात निघून गेला आणि वाचला. जिंकलेली नगरे मात्र गेली.

झाओ राज्याने हीच चूक दोनदा केली. छांगफिंग येथे लियान पो तटबंदीआड राहून छिनच्या सैन्याला थकवत होता. छिनचा मंत्री फान ज्यू याने द्रव्य पेरून अफवा उठवली आणि त्याच्या जागी झाओ ख्वो हा अननुभवी सेनापती नेमला गेला. त्याचा परिणाम पुढे येणारच आहे. त्यानंतर काही दशकांनी ली मू या सेनापतीने छिनचा दोनदा पराभव केला. तेव्हा छिनने राजाच्या मर्जीतील क्वो खाय याला लाच दिली. ली मूवर बंडाचा आरोप आला, त्याला मारण्यात आले आणि तीनच महिन्यांत झाओची राजधानी पडून राजा कैद झाला.

ली मूच्या मृत्यूच्या दोन परंपरा उपलब्ध आहेत. 'चानक्वो त्स' या संकलनानुसार ली मूने राजाज्ञा मानून स्वतःच्या हाताने मरण पत्करले. 'शीजी'तील चरित्रात मात्र तो अधिकार सोडण्यास नकार देतो आणि त्याला पकडून ठार केले जाते. पहिल्या कथेत आज्ञाधारक सेवकाचे करुण चित्र आहे, तर दुसऱ्या कथेत अन्याय्य आज्ञा अमान्य करणारा माणूस आहे. चरित्रात सिमा छ्यानने दुसरी कथा दिली, यावरून त्याच्या दृष्टीने निष्ठा आणि आज्ञापालन हे एकच नव्हते, असे अनुमान काढता येते.

या आकृतिबंधाला अपवाद म्हणजे छिनचा वांग ज्यान. छू राज्य जिंकण्यासाठी त्याने सहा लाख सैन्य मागितले. ली शिन या तरुण सेनानीला दोन लाख पुरेसे वाटले. राजाने ली शिनला पाठवले आणि त्याचा पराभव झाला. मग राजा स्वतः वांग ज्यानच्या घरी गेला. सहा लाख सैन्यासह निघताना वांग ज्यानने राजाकडे शेते, वाडे आणि बागा मागितल्या, आणि वाटेतूनही पुन्हा पुन्हा दूत पाठवून तीच मागणी केली. राजा संशयी आहे. संपूर्ण सैन्य हाती असताना आपल्याला केवळ संपत्तीचा लोभ आहे असे त्याला वाटले पाहिजे, हा त्यामागील हिशेब. इ. स. पू. २२३ मध्ये छू पडले आणि वांग ज्यान शेवटपर्यंत सुरक्षित राहिला.

रूढ वाचनानुसार येथे शहाणपणाचा गौरव अपेक्षित आहे. सिमा छ्यानचा अभिप्राय मात्र उलट दिशेने जातो. वांग ज्यान राजाचा आदरणीय ज्येष्ठ असूनही राज्याचा पाया सदाचारावर उभा राहावा यासाठी त्याने काही केले नाही. राजाच्या कलाने वागत तो मरेपर्यंत टिकला आणि त्याचा नातू वांग ली पुढे शिआंग यूच्या हाती कैदी झाला, असा त्याचा ठपका आहे. जीव वाचवणे हे चरित्रकाराच्या लेखी यशाचे अंतिम माप नाही.

हान शिन : आरोप आणि रचना

हान राजवटीच्या स्थापनेत हान शिनचा वाटा सर्वांत मोठा होता. चिंगशिंगचा विजय (इ. स. पू. २०४), छी प्रदेशाची जिंकणी आणि गायशा येथील निर्णायक लढाई (इ. स. पू. २०२) ही त्याची कामगिरी. परंतु इ. स. पू. २०१ मध्ये त्याचे राजेपद काढून त्याला ह्वायइनचा सरदार करण्यात आले, आणि इ. स. पू. १९६ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून लू महाराणीने त्याला छांगल राजवाड्यात ठार करविले. त्याला कपटाने तेथे आणणारा शिआओ ह हाच पूर्वी त्याची शिफारस करणारा होता.

हान शिनने खरोखर कट केला होता का? 'शीजी'त कटाची हकिकत दिली आहे. सीमेवर निघालेला छन शी निरोप घेण्यास आला असता हान शिनने सेवकांना दूर केले आणि त्याचा हात धरून अंगणात बंडाचा बेत सांगितला. येथे वाचकाच्या मनात शंका येते : सेवक दूर असताना हे संभाषण ऐकले कोणी? हान दरबाराच्या सेवेतील इतिहासकाराला राजवंशाच्या संस्थापकाने निरपराध माणसाला मारले, असे उघड लिहिणे शक्य नव्हते. त्याने अधिकृत हकिकत नोंदवली, पण तिची रचना अशी केली की तिच्यातील फट दिसावी.

ही फट आणखी दोन ठिकाणी रुंदावते. त्याच चरित्रात क्वाय थुंग याच्या उपदेशाला प्रदीर्घ जागा दिली आहे. हान शिनचे सैन्य कळसाला पोहोचले असताना क्वाय थुंगने त्याला स्वतंत्र होऊन साम्राज्याचे तीन भाग करण्याचा सल्ला दिला, आणि ल्यू बांगने आपले वस्त्र व अन्न आपल्याला दिले या कृतज्ञतेपोटी हान शिनने तो नाकारला. सर्व सामर्थ्य हाती असताना ज्याने बंड केले नाही त्याने सर्व सामर्थ्य गेल्यावर ते का करावे? दुसरे असे की, छन शीच्या बंडाची हकिकत ज्या प्रकरणात आहे तेथे हान शिनच्या कटाचा उल्लेख येत नाही. एका व्यक्तीची माहिती अनेक प्रकरणांत विभागून ठेवण्याची सिमा छ्यानची ही पद्धत चिनी अभ्यासकांनी पूर्वीच ओळखली आहे. वाचकाने प्रकरणे एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत, अशी तिची अपेक्षा असते.

असे असूनही हान शिनला निर्दोष ठरवून लेखक थांबत नाही. तो नम्र राहिला असता, स्वतःच्या पराक्रमाची प्रौढी मिरवली नसती, तर त्याचे स्थान वेगळे झाले असते, अशी टीकाही प्रकरणाच्या शेवटी येते.

अपराधाची कबुली

लेखाच्या आरंभी मांडलेला दुसरा प्रश्न बाय छीच्या चरित्रात उघडपणे समोर येतो. लियान पोला हटवल्यानंतर इ. स. पू. २६० मध्ये छांगफिंग येथे झाओचे सैन्य वेढले गेले आणि उपासमारीने शरण आले. 'शीजी'नुसार बाय छीने कपटाने त्या सर्वांना ठार केले. केवळ २४० अल्पवयीनांना परत पाठवले. एकूण मृतांचा पारंपरिक आकडा साडेचार लाखांचा आहे. हा आकडा जसाच्या तसा स्वीकारणे कठीण असले तरी हत्याकांड काल्पनिक नाही. शान्शी प्रांतातील काओफिंग परिसरात युंगलू येथे १९९५ मध्ये झालेल्या उत्खननात सामूहिक दफनाच्या खड्ड्यातून शंभराहून अधिक मानवी सांगाडे मिळाले.

पुढे बाय छीने हानदानवरील मोहिमेचे नेतृत्व नाकारले. फान ज्यूशी त्याचे वैर होतेच. त्याला सामान्य सैनिकाच्या दर्जावर उतरवण्यात आले आणि इ. स. पू. २५७ मध्ये दूयोउ येथे राजाने तलवार पाठवली. मरणापूर्वी त्याने आपण दैवाचा कोणता अपराध केला असा प्रश्न केला आणि थोड्या वेळाने स्वतःच उत्तर दिले की, शरण आलेल्यांची हत्या एवढे एकच कारण मृत्यूसाठी पुरेसे आहे. ज्या अपराधासाठी राजाने त्याला मारले तो त्याने केला नव्हता, आणि जो केला होता त्याबद्दल राजाने त्याला शिक्षा दिली नव्हती. म्हणूनच छिनच्या लोकांनी तो निरपराध मेला असे मानून गावोगावी त्याची पूजा केली, ही 'शीजी'तील नोंद आणि त्याची कबुली एकाच परिच्छेदात शेजारी येतात, तेव्हा दोन्ही खऱ्या ठरतात.

मंग थ्यानचे चरित्र याच्याशी ताडून पाहण्याजोगे आहे. उत्तर सीमेवरील भिंत आणि महामार्ग बांधणाऱ्या या सेनापतीला पहिल्या सम्राटाच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. २१० मध्ये, विष घ्यावे लागले. त्यानेही आपल्या अपराधाचा शोध घेतला आणि भिंत बांधताना पृथ्वीच्या शिरा कापल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष काढला. सिमा छ्यान हे उत्तर नाकारतो. त्याने ती भिंत आणि मार्ग स्वतः पाहिले होते. युद्धाच्या जखमा भरून आल्या नसताना मंग थ्यानने राजाला आवरले नाही आणि लोकांचे श्रम हलके मानले. पृथ्वीच्या शिरांचा येथे काय संबंध, असे तो विचारतो. बाय छीची कबुली तो भाष्याविना राहू देतो, मंग थ्यानची मात्र खोडून काढतो. पहिल्या कबुलीत मेलेली माणसे आहेत. दुसरीत ती कोठेच नाहीत.

ली लिंगचा आजोबा ली ग्वांग याच्या चरित्रात हा ताण सर्वांत तीव्र होतो, कारण येथे लेखकाचे प्रेम उघड आहे. सिमा छ्यानने त्याला पाहिले होते. साधा, खेड्यातला वाटणारा, बोलता न येणारा माणूस. पाणी सापडले तर सर्व सैनिक पिऊन होईपर्यंत तो पीत नसे. आयुष्यभर लढूनही त्याला सरदारकी मिळाली नाही. इ. स. पू. ११९ च्या मोहिमेत तो वाट चुकला, आणि साठी उलटलेल्या वयात कारकुनांच्या चौकशीला तोंड देण्याऐवजी त्याने स्वतःचा गळा चिरला. ही करुण कथा सांगणाऱ्या लेखकाने त्याच चरित्रात आणखी एक प्रसंग नोंदवला आहे. आपले भाग्य का उघडत नाही, असे ली ग्वांगने एका ज्योतिष्याला विचारले. पश्चात्ताप वाटावा असे काही घडले आहे का, या प्रतिप्रश्नावर त्याने सांगितले की, आपण आठशे शरणागतांना फसवून एकाच दिवशी मारले होते. ज्योतिष्याने त्यातच कारण दाखवले. प्रिय व्यक्तीच्या चरित्रातून ही नोंद वगळणे सोपे होते.

मर्यादा

या दृष्टीलाही मर्यादा आहेत. छांगफिंगच्या मृतांपैकी एकाचेही चरित्र 'शीजी'त नाही. ते संख्येपुरते उरतात. सेनापतीला मरणापूर्वी बोलण्यास अवसर मिळतो, सैनिकाला मिळत नाही. तसेच शरणागतांच्या हत्येचा संबंध दुर्दैवाशी जोडताना प्रतिफळाची जी कल्पना सूचित होते ती निर्दोष लोकांच्या दुःखाचे स्पष्टीकरण देऊ शकत नाही. स्वतः सिमा छ्याननेच अन्य एका चरित्रात दैवाच्या न्यायाबद्दल उघड शंका घेतली आहे.

समारोप

'शीजी'तील सेनापतींच्या मृत्यूंना दोन कारणे आहेत : राजसत्तेचा संशय आणि स्वतःच्या कृतीचे ओझे. पहिल्या कारणाने सेनापती सहानुभूतीस पात्र होतो, दुसऱ्याने तो उत्तरदायी ठरतो. सिमा छ्यान यांपैकी एकाने दुसऱ्याला पुसू देत नाही. अन्यायाने मारला गेलेला माणूस स्वतः अन्यायकर्ता असू शकतो, ही जाणीव त्याच्या चरित्रलेखनाचा कणा आहे. वीरपुरुषांची चरित्रे गौरवासाठी किंवा निंदेसाठी वापरण्याची सवय जेथे रूढ आहे तेथे ही जाणीव आजही उपयोगी पडणारी आहे. सेनापतीसाठी बोलून शिक्षा भोगलेल्या इतिहासकाराने सेनापतीच्या हातून मेलेल्यांनाही विस्मरणात जाऊ दिले नाही. रणनीतीचे धडे घेण्यासाठी या परंपरेकडे वळणाऱ्या अभ्यासकाने विजयाच्या वर्णनापाशी न थांबता प्रकरणाच्या अखेरीपर्यंत वाचले पाहिजे.