पोरिसादाने दिलेला चौथा वर : सुतसोम जातकाची समीक्षा

आजच्या वाशीम नगराचे प्राचीन नाव वत्सगुल्म होय. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. त्या शाखेतील हरिषेण राजाच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची कित्येक लेणी कोरली गेली. सोळावे लेणे हरिषेणाचा सचिव वराहदेव याने भिक्खुसंघास अर्पण केले. सतरावे लेणे त्याच्या एका मांडलिकाने करविले. वाशीम जिल्ह्यातील उपासक अजिंठ्यास जातात, तेव्हा ते आपल्याच भूमीच्या राजसत्तेच्या छायेत घडलेली कला पाहत असतात. परंतु सतराव्या लेण्यातील सुतसोम जातकाच्या चित्रापाशी क्षणभर थांबून त्याचा अर्थ विचारणारे थोडे. प्रस्तुत लेखात त्या कथेची चिकित्सा करावयाची आहे. कारण स्वतःच्या ठायी असलेले परपीडक वर्तन मनुष्य कसा ओळखतो आणि कसा सोडतो, हा तिचा खरा विषय आहे.

चित्रातील कथा अशी. सुदास राजा मृगयेस गेला असता अरण्यात झोपी जातो आणि एक सिंहीण येऊन त्याचे पाय चाटते. तिच्या पोटी राजाचा पुत्र सौदास जन्मतो. पुढे तो राजा होतो, नरमांसाची चटक लागून प्रजेचाच भक्षक बनतो आणि अखेर सुतसोमाच्या उपदेशाने सुधारतो. आर्यशूराच्या 'जातकमाले'तही सौदास हा सिंहिणीचाच पुत्र आहे. पाली जातकसंग्रहातील ५३७ व्या क्रमांकाच्या महासुतसोम जातकात मात्र ही सिंहीण नाही. तेथे नरभक्षक हा वाराणसीचा राजा असून त्याला पोरिसाद म्हटले आहे. पूर्वजन्मी तो यक्ष होता म्हणून नरमांसाची गोडी त्याच्यात जागी झाली, असे तेथे सांगितले आहे.

सिंहीण असो वा यक्षजन्म, दोन्ही स्पष्टीकरणे एकाच जातीची आहेत. दोष रक्तात आहे किंवा गतजन्मात आहे, असे ती सांगतात. ज्या समाजाला शतकानुशतके जन्मावरून हीन ठरविले गेले, त्याने हे स्पष्टीकरण मुकाट्याने स्वीकारू नये. पूर्वजन्मीचे कर्म या जन्मीची स्थिती ठरविते, हा सिद्धान्त बाबासाहेबांनी नाकारला, तो याच कारणासाठी. शिवाय कथा स्वतःच या स्पष्टीकरणावर मात करते. दोष जर जन्माचाच असता, तर शेवटी तो सुटला कसा?

खरे उत्तर पाली कथेच्या तपशिलात आहे. उपोसथाच्या दिवशी बाजारात मांस मिळत नाही आणि राखून ठेवलेले मांस कुत्री खाऊन टाकतात. भेदरलेला आचारी स्मशानातील प्रेताचे मांस शिजवून वाढतो. राजाला ते रुचते. मग तो तुरुंगातील कैदी मारवितो. कैदी संपल्यावर वाटेत पैशांची थैली टाकून ती उचलणाऱ्याला चोर ठरविले जाते. सरतेशेवटी चौकाचौकांत निरपराध माणसे मारली जातात. या उतरंडीत प्रत्येक पायरीला सबब आहे. प्रेत तर मेलेलेच होते. कैदी तर अपराधीच होता. थैली उचलणारा तर चोरच होता. विषारी वर्तन एका रात्रीत उगवत नाही. ते सबबींच्या आधाराने वाढते, आणि प्रत्येक सबबीत दोष समोरच्याचा असतो. बायको उलट बोलली म्हणून हात उगारला, दिवसभर अपमान सोसला म्हणून संध्याकाळी दारू घेतली, या सबबींची घडण त्याहून वेगळी नाही.

सेनापती काळहत्थी आचाऱ्याला मुद्देमालासह पकडतो आणि राजाला दृष्टान्त सांगून समजावतो. राजा बधत नाही. राज्य हवे की नरमांस, असा प्रश्न येताच तो राज्य सोडतो. येथे कथाकाराची मनुष्यस्वभावाची जाण दिसते. शिक्षा व लोकनिंदा यांनी व्यसन जागा बदलते, सुटत नाही. अरण्यात गेल्यावर तो त्या आचाऱ्यालाही खातो. ज्याने त्याची वाईट सवय पोसली, तोही वाचत नाही.

सुतसोमाचा मार्ग निराळा आहे. पकडला गेल्यावर, एका ब्राह्मणाकडून गाथा ऐकण्याचे दिलेले वचन पाळण्यासाठी तो मुदत मागतो, आणि ठरल्याप्रमाणे परत येतो. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, अशा माणसाला दिलेला शब्द कोणीतरी पाळतो. पोरिसादाच्या बदलाचा आरंभ येथे आहे. प्रसन्न होऊन तो चार वर देऊ करतो. पहिल्या तीन वरांत सुतसोम त्याचे दीर्घायुष्य आणि बंदी राजांची सुटका मागतो. चौथा वर म्हणजे नरमांसाचा त्याग. इतका वेळ उदार असलेला पोरिसाद येथे अडतो. ज्यासाठी राज्य सोडले तेच कसे सोडू, दुसरे काहीही माग, असे तो विनवितो. आत्मपरीक्षणाची कसोटी या अडण्यात आहे. मनुष्य दान देतो, विहारास वर्गणी देतो, मिरवणुकीत पुढे चालतो. जी एक गोष्ट सोडावयाची तीवर मात्र घासाघीस करतो. जेथे आपण घासाघीस करू लागतो, तेथेच आपला दोष असतो.

तो दोष रोजच्या रोज ओळखण्याची रीत तथागतांनी राहुलाला सांगितली आहे. मज्झिम निकायातील त्या सुत्तात आरशाची उपमा आहे. कृतीपूर्वी, कृती करताना आणि कृतीनंतर पाहावे, की हिने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय. पीडा झाली असेल तर शहाण्या सहचाऱ्यापाशी ती उघड करावी आणि पुढे संयम राखावा. येथे जन्माचा प्रश्न उद्भवत नाही; प्रश्न कृतीचा आणि परिणामाचा आहे.

जातकाचा शेवट मात्र समाधानकारक नाही. सुतसोम पोरिसादाला त्याच्या नगरीत नेतो, सेनापतीची समजूत घालतो आणि राज्य परत मिळते. ज्यांची माणसे खाल्ली गेली, त्यांचे काय? कथेत ती माणसे पुरेशी बोलत नाहीत. परंपरेनुसार हे जातक अंगुलिमालाच्या निमित्ताने सांगितले गेले. अंगुलिमाल सुत्त या बाबतीत अधिक सत्यनिष्ठ आहे. भिक्खू झालेल्या अंगुलिमालावर भिक्षेच्या वेळी दगड पडतात, डोके फुटते, चीवर फाटते. तथागत त्याला ते सहन करण्यास सांगतात. बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, पतित व गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेच्या भागात, अंगुलिमालाला स्थान दिले. बदललेल्या माणसाने क्षमेची वसुली करू नये, हा त्या सुत्ताचा धडा आहे. ज्या पत्नीने वर्षानुवर्षे मार सोसला, तिने पतीच्या पश्चात्तापावर तत्काळ विश्वास ठेवावा, असे बंधन तिच्यावर नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण मागण्याचा तिचा अधिकार त्याच्या पश्चात्तापाने संपत नाही.

एक आक्षेप येथे संभवतो. आपल्यावर अन्याय झाला असता आपणच आपले दोष का मोजावेत? त्याने विरोधकांच्या निंदेला बळ मिळणार नाही काय? हा आक्षेप तुच्छ नाही. परंतु तो कृती आणि जन्म यांची गल्लत करतो. विषमतेचा दोष व्यवस्थेचा आहे आणि तो तिच्याच पदरी राहील. घरात उगारलेला हात मात्र ज्याचा त्याचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत जुन्या धर्माचा त्याग आहे आणि दारू, चोरी, असत्य यांचाही त्याग आहे. दोन्ही त्याग एकाच दिवशी, एकाच मुखाने उच्चारले गेले. पहिला पाळून दुसऱ्यावर घासाघीस करणारा उपासक चौथ्या वरापाशी अडलेल्या पोरिसादाच्याच जागी उभा आहे. पोरिसादाने तो वर अखेर दिला, आणि सिंहिणीचे रक्त वा यक्षाचा पूर्वजन्म त्याच्या आड आला नाही.