उजनी जलाशयाचे छायाचित्रण : एक आक्षेप

समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले लाकूड हा निसर्गछायाचित्रणातील प्रतिष्ठित विषय आहे. एडवर्ड वेस्टन यांनी कॅलिफोर्नियातील पॉइंट लोबोस येथे १९२९ ते १९४८ या काळात सायप्रसची मुळे, खडक आणि वाळकी लाकडे कृष्णधवल चित्रांत टिपली. या चित्रांतील वस्तूला आकाराखेरीज इतिहास नसतो. निदान प्रेक्षकाने तो विचारू नये, अशीच त्यांची रचना असते.

हीच दृष्टी भीमेवरील उजनी जलाशयाच्या छायाचित्रांत जशीच्या तशी उतरलेली दिसते. पाण्यात उभी निष्पर्ण खोडे, त्यांवर पंख वाळवीत बसलेला पाणकावळा, मागे रोहित पक्ष्यांचा थवा आणि तांबूस पहाट. चित्र देखणे असते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु येथे लाकूड वाहत आलेले नाही. झाड होते तेथेच राहिले; पाणी त्याच्याकडे आले. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या, सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या धरणाने भीमाकाठची गावे पोटात घेतली. म्हणजे ज्याला 'रानवट निसर्ग' म्हटले जाते, ते वस्तुतः विस्थापितांचे शिवार आहे.

उन्हाळ्यात साठा उणे झाला, की पळसदेवचे प्राचीन मंदिर बेटासारखे वर येते, कुगावचा इनामदार वाडा दिसू लागतो आणि कॅमेऱ्यांची गर्दी होते. याच कुगावहून लोक इंदापूर तालुक्यातील कळाशीला होडीने ये-जा करतात, कारण रस्त्याचा वळसा फार लांबचा. २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात या मार्गावर होडी उलटून सहा जण मृत्युमुखी पडले. छायाचित्रांत होडी असतेच. ती बहुधा रम्य छायाकृती म्हणून.

छायाचित्रकार हा इतिहासकार नव्हे, असा प्रतिवाद संभवतो. तो अंशतः मान्य करावा लागेल; चौकटीत सर्व काही मावत नाही. चित्राखालच्या ओळीला मात्र ही सबब लागू पडत नाही. मूळचे सोलापूरचे मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी 'पक्षीकोशा'त पक्ष्यांची स्थानिक नावे आवर्जून नोंदवली, कारण नावासोबत तो प्रदेश आणि तेथील माणसेही येतात. उजनीच्या चित्राखाली पक्ष्याचे शास्त्रीय नाव असते, भिंगाचा तपशीलही असतो. खोड ज्या गावाच्या शिवारात उभे आहे, त्या गावाचे नाव तेवढे नसते.