‘श्वास’मधला एक दिवस आणि आईबापांची दोन वर्षे

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ हा चित्रपट २००४ साली आला, तेव्हा मी तरुण सहायक धर्मगुरू होतो. गंभीर आजारी माणसाला सत्य सांगावे की सांगू नये, या प्रश्नावर सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही पुष्कळ वाद घातला होता. ‘श्वास’ पाहिला आणि त्या कोरड्या वादाला माणसाचा चेहरा लाभला. पुढे अनेक वर्षे प्रवचनांत आणि युवकांच्या शिबिरांत मी या चित्रपटाचा दाखला देत आलो. गेल्या वर्षी कुर्ल्यातील आमच्या धर्मग्रामात एका घरी तो पुन्हा पाहण्याचा योग आला, आणि माझी आजवरची स्तुती अपुरी होती, किंबहुना थोडी आंधळीच होती, हे ध्यानी आले. ते कसे, हे वाचकांपुढे मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाचे कथानक बहुतेकांना ठाऊक असेल. कोकणातला छोटा परश्या डोळ्यांची तक्रार घेऊन आजोबांबरोबर शहरातल्या इस्पितळात येतो. दृष्टिपटलाचा कर्करोग असल्याचे निदान होते. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी कायमची जाईल. मुलाला हे आधी सांगितले पाहिजे, असा डॉक्टर साने यांचा आग्रह. आजोबांची जीभ रेटत नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि आजोबा नातवाला घेऊन इस्पितळातून नाहीसे होतात. डोळे आहेत तोवर जग पाहून घे, एवढेच त्यांना नातवाला द्यायचे असते. शेवटी परश्या काळा चष्मा लावून गावी परततो.

या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. १९५४ साली ‘श्यामची आई’ला हा मान लाभला होता, त्यानंतर मराठी चित्रपटाला तो मिळायला अर्धे शतक लागले. पुढे भारतातर्फे ऑस्करसाठी ‘श्वास’ची निवड झाली. अरुण नलावडे यांचे आजोबा, अश्विन चितळे याचा परश्या, संदीप कुलकर्णी यांचे डॉक्टर आणि अमृता सुभाष यांची समाजसेविका आसावरी हे चौघे मराठी रसिकांच्या मनात घर करून बसले, ते या सन्मानांच्या आधीच.

‘श्वास’चे पहिले मोठेपण त्याच्या संयमात आहे. लहान मूल आणि असाध्य व्यथा हा विषय हाती आला की अश्रूंचा पूर आणण्याचा मोह आवरणे कठीण. इथे तो आवरला आहे. डॉक्टर खलपुरुष नाही. तो घाईत असलेला, तुटक बोलणारा, पण आपल्या कामाशी प्रामाणिक माणूस आहे. आजोबा साधुपुरुष नाहीत. ते गोंधळतात, चिडतात, पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारतात. दुसरे मोठेपण म्हणजे, मुलाला सत्य पेलते यावर चित्रपटाचा असलेला विश्वास. संत मार्कच्या शुभवर्तमानात बेथसैदाच्या आंधळ्याला प्रभू हाताला धरून गावाबाहेर नेतो आणि मग दृष्टी देतो. आजोबाही नातवाला हाताला धरून इस्पितळाबाहेर नेतात. त्यांच्यापाशी देण्याजोगी दृष्टी नाही. तरी हात धरण्याची कृती तीच आहे. हे साम्य मी कितीदा तरी प्रवचनात सांगितले आहे.

तेच मनात धरून मी त्या घरी ‘श्वास’ पाहण्याचे सुचवले. घरातल्या पाच वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग होऊन दीड वर्ष लोटले होते. परळला टाटा रुग्णालयात उपचार चालू होते. आईवडिलांना धीर येईल, असा माझा भाबडा समज. मूल झोपल्यावर आम्ही चित्रपट पाहिला. संपल्यावर वडील काही न बोलता उठले आणि दुसऱ्या दिवसाचे पिण्याचे पाणी उकळायला ठेवू लागले. आई थोड्या वेळाने म्हणाली, “फादर, आजोबांना एक दिवस मिळाला. आमचा रोजचाच दिवस आहे.”

त्या वाक्यात तक्रार नव्हती, पण माझ्या मते ‘श्वास’वरची ती सर्वांत अचूक टीका आहे.

चित्रपटातले संकट एका घावाचे आहे. निदान, निर्णय, एक अखेरचा उजेडाचा दिवस आणि शस्त्रक्रिया. नाट्याला असा आकार सोयीचा असतो. पण लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा आहे, आणि त्याच्या नेहमीच्या प्रकारात उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. त्या उपचाराला घाव नसतो, वेळापत्रक असते. कुर्ल्याहून पहाटेची धीमी लोकल, काखेत प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल, रक्त देऊन ‘काउंट’ येईपर्यंतची बैठक. काउंट उतरला की केमो पुढे जातो. थोडा ताप चढला तरी रात्री-अपरात्री इस्पितळ गाठावे लागते. पाठीतल्या सुईच्या दिवशी मुलाला उपाशी ठेवायचे, म्हणून घरच्यांनी चहासुद्धा लपून प्यायचा. स्टिरॉइड चालू असताना तेच मूल मध्यरात्री दोन वाजता उठून वरणभात मागते, आणि पानात वाढेपर्यंत रडून घर डोक्यावर घेते. या दिवसांत जग दाखवायला नेण्याइतका मोकळा दिवस सापडत नाही. आईबापांचे प्रेम इथे पाणी उकळण्यात आणि औषधाच्या वेळा वहीत लिहिण्यात खर्ची पडते. पडद्यावर त्याला जागा मिळत नाही.

दुसरी उणीव याच्याशीच निगडित आहे. परश्याचे आईवडील कथेच्या कडेला राहतात. आजोबांचे वय आणि त्यांचे खेडवळ भाबडेपण प्रेक्षकाला चटकन हेलावते, म्हणून ही निवड कलेच्या दृष्टीने समर्थनीय आहे. परंतु निर्णयाचे ओझे वाहणारे, रजा संपलेले, दुसऱ्या लेकराला शेजारी ठेवून आलेले तरुण आईबाप अजून मराठी पडद्यावर पुरेसे आलेले नाहीत.

तिसरा मुद्दा काळाचा. दृष्टिपटलाच्या कर्करोगात डोळ्याच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसू शकते. ती वेळीच ओळखली तर जीव वाचतोच, पुष्कळदा डोळाही वाचवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण फार कमी आहे, आणि उशिरा होणारे निदान व अर्धवट सोडलेले उपचार ही त्याची मोठी कारणे आहेत. तेव्हा ‘श्वास’ पाहून मुलाचा कर्करोग म्हणजे अटळ अंधार, असा समज कोणी करून घेऊ नये.

हे मी कुर्ल्यात बसून लिहितो आहे, यालाही अर्थ आहे. येथील लोकमान्य टिळक टर्मिनसवर उत्तरेकडच्या गाड्यांतून अशी कुटुंबे उतरताना मी पाहिली आहेत. केस गेलेले, मास्क लावलेले मूल बापाच्या खांद्यावर, आईच्या हातात पत्र्याची पेटी. कुणाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते, कुणाला संत ज्यूड यांचे नाव धारण करणाऱ्या केंद्रांत. २००६ पासून ती केंद्रे अशा मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य निवारा देत आहेत. ज्यांना कुठेच जागा मिळत नाही, ते परळच्या पदपथावर पथारी पसरतात. परश्याचे आजोबा एका दिवसासाठी शहर पाहायला निघाले. ही माणसे महिनोन्‌महिने शहरात राहून शहर पाहत नाहीत.

एका चित्रपटाने सारे सांगावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ‘श्वास’ने जे सांगायला घेतले ते अव्वल रीतीने सांगितले, हे माझे मत आजही कायम आहे. दोष आमच्या पाहण्यात होता. आम्ही त्या एका दिवसावर इतके लुब्ध झालो की तेच प्रेमाचे मोजमाप मानले. आमचे धर्मग्रामातले वागणेही तसेच. निदानाच्या आठवड्यात सारे फळे घेऊन येतात, प्रार्थना होते, मिस्साचे हेतू मांडले जातात. सहाव्या महिन्यात जिन्यावर कोणाची पावले वाजत नाहीत. त्या ‘कोणा’त मीही होतो.

त्या रात्री निघताना आईला विचारले, मी काय करू? तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “गुरुवारी ह्यांना रजा नाही. रक्ताच्या रांगेत नंबर धरून बसाल का? तोवर मी ह्याला झोपू देईन.”

गुरुवारी सकाळची मिस्सा सहकारी धर्मगुरूंवर सोपवून मी परळची गाडी धरली.